दगडांवरची मराठी : बेने इस्रायली दफनभूमींच्या जतनाविषयी

मराठी भाषेचा आरंभ शोधू लागले म्हणजे अभ्यासकाला ग्रंथ बाजूला ठेवून प्रथम दगडांकडेच वळावे लागते. आक्षीचा शिलालेख आधीचा की श्रवणबेळगोळचा, हा वाद आपण वर्गात विद्यार्थ्यांना सांगतो. आक्षीच्या लेखावर शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२, हा काळ वाचला गेला आहे, आणि त्या एका दगडापायी अलिबागजवळच्या त्या लहानशा गावाचे नाव मराठीच्या प्रत्येक इतिहासात अमर झाले आहे. परंतु हाच दगड वर्षानुवर्षे रस्त्याच्या कडेला उन्हापावसात पडून होता, हेही आपल्याला ठाऊक आहे. हजार वर्षांपूर्वीच्या अक्षरांबद्दल आपली ही अनास्था, तर शंभर वर्षांपूर्वीच्या अक्षरांची वास्तपुस्त कोण करणार?

हा प्रश्न मनात येण्याचे कारणही त्याच परिसरात आहे. आक्षी अलिबागच्या दक्षिणेला. उत्तरेला थळ ओलांडून किहीमच्या वाटेला लागले की नवगाव लागते. तेथे समुद्रकिनाऱ्यालगत बेने इस्रायल समाजाची प्राचीन दफनभूमी आहे. बेने इस्रायल म्हणजे कोकणातील ज्यू, ज्यांची मातृभाषा कित्येक पिढ्या मराठी आहे. त्यांच्या दफनभूमींत, नवगावच्या नव्हे तरी नंतरच्या बहुतेक ठिकाणी, हिब्रूच्या जोडीला मराठी लेख कोरलेले आढळतात. हे लेख म्हणजे मराठीचाच ठेवा आहे, आणि म्हणून त्यांच्या जतनाची काही जबाबदारी मराठीच्या शिक्षकांवरही येते, एवढेच प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे.

या समाजाची परंपरा अशी सांगते की, फार प्राचीन काळी चौलच्या बंदराकडे येणारे एक गलबत नवगावच्या किनाऱ्यापाशी फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. बाकीच्यांची प्रेते किनाऱ्यावर मिळाली, ती तेथेच पुरुषांची आणि स्त्रियांची अशी दोन ठिकाणी पुरण्यात आली. वाचलेल्यांची संतती कोकणातील खेड्यांत पसरली, तेलघाणे चालवू लागली, आणि शनिवारी घाणा बंद ठेवते म्हणून ‘शनिवार तेली’ या नावाने ओळखली जाऊ लागली. परंपरेचा काळ कोणता मानावा याविषयी विद्वानांत एकमत नाही. पण त्या खेड्यांनी या लोकांना आपली नावे दिली, ही गोष्ट मात्र निर्विवाद आहे. किहीमकर, नवगावकर, दिवेकर, पेणकर, रोहेकर, राजपूरकर, अष्टमकर ही आडनावे वाचताना आपण रायगड जिल्ह्याचा नकाशाच वाचीत असतो. व्यक्तिनामांचेही तसेच. शमुवेलचा सामाजी झाला, अब्राहामचा आबाजी झाला, यहेज्केलचा हसाजी झाला. मुंबईतील पहिले ज्यू प्रार्थनामंदिर १७९६ साली बांधणारे शमुवेल यहेज्केल दिवेकर हे आप्तजनांत सामाजी हसाजी म्हणूनच ओळखले जात.

आता दगडावर अक्षरे केव्हा आली ते पाहू. नवगावसारख्या सर्वांत जुन्या स्थळी मातीचे उंचवटे आणि साधे दगड आहेत, लेख नाहीत. हिब्रूचे ज्ञान मधल्या शतकांत जवळजवळ लोपले होते, आणि खेड्यातल्या तेल्याच्या थडग्यावर लेख कोरण्याची कोकणात चाल नव्हती. एकोणिसाव्या शतकात चित्र पालटले. कोचीनहून आलेल्या ज्यू शिक्षकांनी आणि मुंबईतील मिशनऱ्यांच्या शाळांनी या समाजात हिब्रू विद्येचे पुनरुज्जीवन केले. जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रू व्याकरणाचे पुस्तक छापले, ते याच वाचकांसाठी. पुढे वल्हांडण सणाच्या रात्री वाचावयाचा हिब्रू ग्रंथ मराठी अनुवादासह मुंबईत १८४६ साली आणि पुण्यात १८७४ साली निघाला. जोसेफ यहेज्केल राजपूरकर यांनी प्रार्थनापुस्तकांची मराठी भाषांतरे केली. हाईम शमुवेल किहीमकर यांनी १८७५ मध्ये समाजाच्या मुलांसाठी मुंबईत शाळा काढली. अब्राहाम, योसेफ, मोशे यांच्या चरित्रांवर मराठी कीर्तने होऊ लागली.

ज्या समाजाने हिब्रू मराठीतून शिकली, त्याच्या थडग्यांवर या दोन भाषा शेजारी शेजारी याव्यात यात नवल नाही. वरच्या भागात हिब्रूच्या ओळी उजवीकडून डावीकडे जातात. खाली बाळबोध लिपीतल्या मराठी ओळी डावीकडून उजवीकडे येतात. पुष्कळदा तिसरी इंग्रजीही असते. हिब्रू ओळी बहुधा ठरावीक साच्याच्या असतात. ‘येथे पुरले आहे’ या अर्थाच्या दोन अक्षरांनी आरंभ, आणि ‘याचा जीव जीवनाच्या बंधनात बांधलेला राहो’ या अर्थाच्या पाच अक्षरांनी शेवट. पण मराठी ओळींना असा साचा नसतो. माणूस कोणत्या गावचा, कोणत्या पलटणीत सुभेदार की जमादार, कोणत्या इस्पितळात नोकर, कोणाची कन्या, कोणाची भार्या, हे मराठी ओळी सांगतात. हिब्रू भाग देवाला उद्देशून लिहिलेला आणि मराठी भाग शेजाऱ्यापाजाऱ्यांना उद्देशून, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. त्या काळची शुद्धलेखनाची पद्धत, अनुस्वारांचा वापर, परकी नावे मराठीत कशी उच्चारली जात, या साऱ्यांचा पुरावा या ओळींत साठलेला आहे. छापील पुस्तकातली भाषा संपादकाच्या हाताखालून गेलेली असते. थडग्यावरची भाषा घरच्या माणसाने सांगितलेली आणि पाथरवटाने टाकीने उतरवलेली असते.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपणा मराठी भाषिकांना या विषयाचे अगत्य वाटावे, याला आणखी एक कारण आहे. एकोणिसाव्या शतकात बेने इस्रायल तरुण मोठ्या संख्येने मुंबई इलाख्याच्या फौजेत शिरले. पलटणी जेथे गेल्या तेथे ही कुटुंबे गेली. पुढे रेल्वे, टपाल, इस्पितळे आणि संस्थानांचा कारभार यांतही ती दिसू लागली. जंजिरा आणि औंध संस्थानांच्या कारभारीपदापर्यंत या समाजातली माणसे पोहोचली. अहमदाबादेत आजही त्यांचे १९३४ साली बांधलेले प्रार्थनामंदिर आहे. सर्वांत बोलके उदाहरण कराचीचे. तेथे १८९३ साली उमरडेकर घराण्याने प्रार्थनामंदिर बांधले. फाळणीनंतर समाज पांगला आणि १९८८ मध्ये ती इमारत पाडण्यात आली. पण मेवाशाह कबरस्तानातील बेने इस्रायल थडगी उरली आहेत, आणि त्यांवरील हिब्रूच्या सोबतीला मराठीही उरली आहे. कराचीत एके काळी मराठी बोलणारा मोठा समाज नांदत होता, याची साक्ष देणाऱ्या ज्या थोड्या वस्तू आज तेथे आहेत, त्यांत हे दगड मोडतात. समाज निघून जातो, शाळा बंद पडतात, वृत्तपत्रे रद्दीत जातात. थडगे मात्र जागचे हालत नाही.

ते हालू नये, असा धर्माचाच दंडक आहे. दफनभूमीला हिब्रूत ‘अनंतकाळचे घर’ म्हणतात, आणि ‘जिवंतांचे घर’ असेही म्हणतात. पुरलेल्या देहाची जागा ही कायमची त्याची. काही वर्षांनी ती उकरून दुसऱ्यास देता येत नाही. प्रागमधील जुन्या ज्यू दफनभूमीत याचा प्रत्यय येतो. तेथील सर्वांत जुना ज्ञात दगड १४३९ चा, शेवटचे दफन १७८७ मधले. जागा अपुरी पडू लागली तेव्हा जुन्या थडग्यांना धक्का न लावता त्यांवर माती घालून नवा थर केला, आणि खालचे दगड वर आणून उभे केले. म्हणून आज तेथे सुमारे बारा हजार दगड एकमेकांना टेकून दाटीवाटीने उभे दिसतात. ही श्रद्धा समजून घेतल्याखेरीज जतनाची भाषा बोलणे व्यर्थ आहे. आपल्या दृष्टीने जो कोरीव लेख, तो त्या समाजाच्या दृष्टीने कोणाचे तरी घर आहे.

घर राखणारे मात्र कमी झाले. १९५१ च्या जनगणनेत भारतात सुमारे सव्वीस हजार ज्यू होते. २०११ च्या जनगणनेत ही संख्या पाच हजारांहूनही कमी भरली. १९४८ नंतर बहुसंख्य कुटुंबे इस्रायलला गेली. तेथे त्यांनी मराठी टाकली नाही, ‘मायबोली’ नावाचे नियतकालिकही चालवले. पण आजोबांच्या थडग्यावरचे गवत इस्रायलमधून काढता येत नाही. कोकणातल्या आणि छावण्यांच्या गावांतल्या दफनभूमी सांभाळण्याचे काम प्रार्थनामंदिरांच्या थोड्या विश्वस्तांवर पडले आहे, आणि ते आपल्या शक्तीप्रमाणे ते करीतही आहेत. तथापि त्यांच्यापुढील शत्रू अनेक आहेत. पावसाळा दरसाल दगडाच्या भेगांत पाणी भरतो. पिंपळ आणि वड त्याच भेगांत रुजतात. संगमरवराचा पृष्ठभाग पावसाने हळूहळू विरघळतो आणि अक्षरांच्या कडा बोथट होतात. काळा पाषाण अधिक टिकतो, पण त्यावर दगडफूल चढते. वाढत्या गावांची भिंतींवर नजर असते. या सर्वांहून अधिक हानी करणारा एक शत्रू मात्र बाहेरचा नसतो. तो म्हणजे हौशी माणसाचा सद्हेतू. हे मी स्वानुभवाने लिहितो.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी मी छावणीच्या एका गावी साहाय्यक शिक्षक होतो. गावाबाहेर या समाजाची लहानशी दफनभूमी होती. समाजाचे एकही कुटुंब तेथे उरले नव्हते. श्रमदानाच्या सप्ताहात मी तीस मुले घेऊन गेलो. कोणाला विचारावे हे सुचले नाही. मुलांनी झुडपे तोडली, तारेच्या ब्रशांनी दगड घासले, आणि पुसट मराठी अक्षरे वाचता यावीत म्हणून मी त्यांना काळा तेलरंग आणून दिला. मुलांनी एकेक अक्षर मन लावून रंगवले. हिब्रू कोणास येत नव्हती, म्हणून त्या ओळी तशाच सोडल्या. संध्याकाळी दगड लखलखीत दिसत होते, आणि मी मनातून फार समाधानी होतो.

पुढे काही वर्षांनी एक वयस्क बाई परदेशातून आल्या. त्यांच्यापाशी आजीच्या हातचा मराठी कागद होता. त्यात आजीच्या वडिलांच्या मृत्यूचे साल १९२३ होते, आणि आमच्या रंगवलेल्या दगडावर १९३३. बाईंनी मला शांतपणे विचारले, “गुरुजी, आमची आजी चुकली की दगड चुकला?” वडील वारले तेव्हा आजी लहान मूल होती, असे त्यांच्या घरी सांगत आले होते, दहा वर्षांच्या फरकाने त्या कथेचा अर्थच बदलत होता. मला उत्तर देता येईना. मूळ आकडा पाहावा तर त्यावर रंग बसलेला, आणि रंगाखालचा दगड आमच्याच ब्रशांनी घासून गुळगुळीत झालेला.

उत्तर दिले ते आम्ही न रंगवलेल्या ओळीने. बाईंनी हिब्रू साल वाचले. ज्यू वर्षगणना सृष्टीच्या आरंभापासून धरतात, आणि अंक अक्षरांनी लिहितात. प्रत्येक अक्षराला मूल्य आहे. दगडावर चार अक्षरे होती : ताव म्हणजे ४००, रेश म्हणजे २००, पे म्हणजे ८०, गिमेल म्हणजे ३. बेरीज ६८३. हजारांचा आकडा रूढीने गाळतात, तेव्हा पूर्ण साल ५६८३. गाळलेल्या सालात १२४० मिळवले की इसवी सन येतो : १९२३. वर्ष शरद ऋतूत बदलत असल्याने सप्टेंबर-ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंतच्या तारखांना एक वर्ष कमी धरावे लागते. पण येथे महिना जूनचा होता, तेव्हा संदेहास जागा नव्हती. पाथरवटाने २ कोरला होता. दगडावरच्या एका चिरेने त्याला पोट फुटल्यासारखे दिसले, आणि आमच्या मुलाने त्याचा ३ केला. आम्हाला जे वाचता येत नव्हते ते आमच्या हातून वाचले. जे वाचता येत होते ते आम्ही बिघडवले.

या चुकीतून जे शिकलो, आणि नंतर जाणत्यांकडून जे समजून घेतले, ते थोडक्यात येथे नमूद करतो. पहिली गोष्ट परवानगीची. दफनभूमी ओसाड दिसली तरी बेवारस नसते. जवळच्या प्रार्थनामंदिराच्या विश्वस्तांना पत्र लिहावे, त्यांचे नियम विचारावेत. शनिवारी आणि सणांच्या दिवशी जाऊ नये, डोके झाकावे, थडग्यावर पाय देऊ नये. थडग्यांवर लहान खडे ठेवलेले दिसले तर कचरा समजून झाडू नयेत. भेटीस आलेल्या आप्तांनी आठवणीदाखल ठेवलेले ते खडे असतात.

दुसरी गोष्ट : आधी नोंद, मग स्वच्छता, आणि दुरुस्ती सर्वांत शेवटी. दफनभूमीचा कच्चा नकाशा काढून प्रत्येक दगडास क्रमांक द्यावा, तो कागदावर; दगडावर नव्हे. छायाचित्रे सकाळी लवकर किंवा उतरत्या उन्हात घ्यावीत, कारण तिरप्या प्रकाशात झिजलेल्या अक्षरांच्या कडांना सावली पडते. झाडाखालच्या दगडावर आरशाने बाजूने ऊन पाडले तरी चालते. अक्षरांत खडू, पीठ किंवा रंग भरू नये. नक्कल उतरताना मूळ लेखन जसेच्या तसे ठेवावे, चूक वाटली तरी सुधारू नये. संशयित अक्षर कंसात घालावे. गेलेल्या अक्षराच्या जागी बिंदू द्यावेत. दोघांनी स्वतंत्र वाचन करावे आणि मग ताडून पाहावे. हिब्रू येत नसेल तर तिचे छायाचित्र जाणत्याकडे पाठवावे, पण ती ओळ नोंदीतून वगळू नये. तिचे महत्त्व वर दिसलेच आहे.

तिसरी गोष्ट हाताच्या संयमाची. धुण्यास स्वच्छ पाणी आणि मऊ केसांचा ब्रश पुरे. तारेचा ब्रश, आम्ल, धुण्याची पूड वर्ज्य. दगड खवले सोडत असेल किंवा हलत असेल तर त्यास हातही लावू नये. झाडाचे मूळ ओढून काढू नये. वरून कापावे, कारण ओढताना मुळाबरोबर दगड येतो. सिमेंटने सांधे भरू नयेत. सिमेंट दगडाहून कठीण असते, ओल आत कोंडते, आणि काही पावसाळ्यांत दगडच फुटतो. जुन्या बांधकामास चुनाच मानवतो. पडलेला दगड उचलून ‘व्यवस्थित’ भिंतीशी लावून ठेवण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. जागेवरून हललेला दगड म्हणजे नाव आणि देह यांची ताटातूट होय.

कायद्याचा आधार अगदीच नाही असे नाही. १९५८ च्या प्राचीन स्मारकविषयक केंद्रीय कायद्याच्या व्याख्येत शंभर वर्षांहून जुन्या दफनस्थळांचा आणि कोरीव लेखांचा स्पष्ट उल्लेख आहे. पण व्याख्येत बसणे म्हणजे संरक्षण मिळणे नव्हे. त्यासाठी स्थळाचे महत्त्व प्रथम दाखवून द्यावे लागते, आणि महत्त्व दाखविण्यास नोंद लागते. विश्वस्तांपाशी जागेची कागदपत्रे असतात. पण दगडावरील मराठी मजकुराचे वाचन करून देणारा माणूस नेहमीच असतो असे नाही. शिक्षकाने पुढे व्हावयाचे ते नेमके येथे.

आपल्या परिषदेच्या सभासदांस म्हणून एक सूचना करावीशी वाटते. आपापल्या गावी, विशेषतः जुन्या छावण्यांच्या आणि रेल्वेच्या गावी, अशी दफनभूमी आहे काय याची चौकशी करावी. असल्यास विश्वस्तांच्या संमतीने वरच्या वर्गातील चार-सहा विद्यार्थी घेऊन एका हिवाळ्यात तिची नोंद पुरी करावी. नोंदीच्या तीन प्रती कराव्यात : एक विश्वस्तांस, एक शाळेच्या ग्रंथालयास, एक परिषदेस. मराठीच्या तासाला जे शिलालेख आपण चित्रांत दाखवतो, त्यांच्याच कुळीतला एक दगड विद्यार्थी प्रत्यक्ष वाचील. व्याकरण, इतिहास, गणित आणि परधर्माविषयीचा आदर ही चारही त्या एका दगडाशी भेटतात. निराळा धर्म असलेल्या माणसांनी आपल्या मृतांसाठी मराठी निवडली, हे समजणे हाही भाषाशिक्षणाचाच भाग आहे.

त्या छावणीच्या गावी मी गेल्या वर्षी पुन्हा गेलो होतो. जाणकारांच्या सल्ल्यावरून आम्ही तो रंग खरवडला नाही. खरवडण्यात उरलेले अक्षरही जाण्याची भीती होती. पंचवीस पावसाळ्यांनी तो थोडा विटला आहे, पण चुकीचा ३ अद्याप वाचता येतो. विश्वस्तांच्या वहीत त्या क्रमांकासमोर आता असे लिहिले आहे : ‘मराठी साल रंगविताना चुकले, हिब्रू सालाप्रमाणे १९२३.’ ती ओळ विश्वस्तांनी माझ्याच हातून लिहवून घेतली.